नऊशे चाळीस ग्राम

देवशीभाईंनी तो कांद्याच्या काट्यावर ठेवला.
नऊशे चाळीस ग्राम.
"किलोसुद्धा भरत नाही," म्हणाले, "यात माझा धंदा मावणार?"
मावला.
चौदा वर्षांची उधारी, तीन भावांची भागीदारी,
आणि एक नाव, ज्याच्यापुढे ते
मला अजून आकडा घालू देत नाहीत.

वाशीला सेक्टर सतरात घेतला, कुणाच्या तरी वापरातला,
साडेआठ हजार, तीन हप्त्यांत.
चार्जरच्या मानेला काळी चिकटपट्टी.
झाकणावर आधीच्या घरातल्या पोरीचं फुलपाखरू,
विकताना अर्धं खरवडलेलं.
उरलेला पंख मी तसाच ठेवलाय.

पिशवीत डबा आणि पावतीपुस्तकाच्या मध्ये उभा राहतो,
इतका हलका, की तुर्भ्याला रिक्षातून उतरताना
चाचपून बघावं लागतं,
आहे ना.

उघडायला वेळ घेतो.
दोन मिनिटं, कधी अडीच.
तेवढ्यात माणसं बोलतात.
त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत
मला सांगायचं नसतं तेही सांगून टाकतात:
सुनेचं याही वेळी राहिलं नाही.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर धाकट्याने परस्पर सही केली.
मी हं म्हणते.
मग पडदा उजळतो आणि सगळे घसा खाकरून
पुन्हा आकड्यांवर येतात.

पडदा पाटीएवढा.
एका वेळी बाराच ओळी.
वर्षाचं देणं एकदम अंगावर येत नाही,
सरकवत सरकवत येतं.
याला जो खोट म्हणेल
त्याने दिवाळ्याच्या जेट्टीवर, पालथ्या टोपलीवर बसून
कुणाला त्याचा हिशेब वाचून दाखवलेला नाही.

भाच्याने एक मोठा दिलाय, पंधरा इंची.
घरी असतो, क्रोशाच्या रुमालाखाली.
त्याला टेबल लागतं, टेबलाला खोली,
आणि खोलीत बसून राहणारं कुणी.
लग्नाचे फोटो मात्र त्यावर छान दिसतात.

ह्याला खोडी आहेत, नाही असं नाही.
डावी शिफ्ट अडते.
खतावणीची कतावणी होते,
ळ मागावा तर ल हातावर ठेवतो.
परवा यमुनाबाय तांडेलच्या बचतगटाचं पान उघडलं होतं,
तिची नात बोट लावून मोठ्याने वाचत गेली:
सुकी मासली, बारा किलो.
मी हात पुढे केला, सुधारते म्हणून.
यमुनाबायने मनगटच धरलं.
"ऱ्हाऊ दे गो. बराबर लिवलंय."

करावे गावच्या शाळेत
मी 'शाला' म्हटलं म्हणून
बाईंनी पन्नास वेळा ळ गिरवून घेतला होता.
दोन वेटोळी आणि वर दांडी.
तेव्हापासून तो जिभेवर जपून नेत आले,
बँकेत, सिडकोच्या खिडकीवर, नवऱ्याच्या माणसांत,
काठोकाठ भरलेली कळशी न्यावी तसा.
आणि हे साडेआठ हजारांचं यंत्र
चारचौघांत
माझ्या आईसारखं बोलून मोकळं झालं.

सेक्टर सोळातला दुरुस्तीवाला साडेचारशे सांगतो,
अख्खा कळफलक बदलून देईन म्हणतो.
पुढच्या महिन्यात, असं सांगून आलेय.
देवशीभाईंच्या पानावर मी शिफ्ट दोनदा दाबते,
त्यांना खतावणी खतावणीच लागते.
जेट्टीवर एकदाच.

सात टक्के उरलेत.
खाडीच्या वळणावर होडी दिसली, बायका उठल्या,
माझ्याही हातात कुणीतरी बर्फाची पाटी दिली.
ओल्या हाताने शिवायला नको,
म्हणून कोपराने झाकण लावलं
आणि पंखावर उडालेला थेंब
पदराने टिपून घेतला.